‘नाते’ या रकान्यात ‘मित्र’

या खेपेला बरीचशी पत्रं एकाच वळणाची आली. चाळीत किंवा शाळेत जमलेली दोस्ती, आता साठी-सत्तरीचं वय, आणि मधेच कागद आडवा आलेला. कुठल्याही फॉर्मवर ‘नाते’ असा रकाना असतो. तिथे ‘मित्र’ लिहिलं की खिडकीपलीकडचा माणूस मान वर करून बघतो. कागदाशी संबंध नसलेले प्रश्नही आहेत, त्यांनाही जागा दिली आहे.

प्रश्न: परळच्या चाळीत आम्ही दोघी एकत्र वाढलो. १९८२च्या गिरणी संपानंतर तिचं कुटुंब गावी गेलं. पुढे तिचं लग्न झालं एवढंच कानावर आलं. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. हाताशी तिचं माहेरचं नाव, गावाचं नाव आणि चौथीचा एक वर्गफोटो. तिला शोधू कशी? (एक वाचक, बदलापूर)

मैत्रिणीला शोधायचं असेल तर आधी तिच्या भावाला शोधा. लग्नात तिचं आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, कदाचित पहिलंही बदललं असेल. भावाचं मात्र तिन्ही जागी तेच आहे. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मतदार यादीत विवाहित बाईच्या नावापुढे बहुधा पतीचं नाव असतं, म्हणून तिथे तिला हुडकण्यात वेळ जातो. भावापुढे मात्र वडिलांचंच नाव असतं आणि ते तुम्हाला ठाऊक आहे.

मतदार याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघानुसार आणि त्यातही भागानुसार बघता येतात. गाव कुठल्या मतदारसंघात आहे ते काढा, मग त्या गावाचा भाग उघडा. छोट्या गावाची यादी तासाभरात डोळ्यांखालून जाते. यंत्राने शोधण्यापेक्षा स्वतः वाचलेली बरी, कारण नावांचं लेखन कसंही असतं. गायकवाडचं ‘गायकवाढ’ झालेलं यंत्राला कळत नाही, तुम्हाला कळतं.

कोकणातल्या आणि घाटावरच्या बऱ्याच गावांची मुंबईत मंडळं आहेत. गावकीच्या सभा, देवळाच्या वर्गण्या, गावची खोली हे सगळं तिथून चालतं. त्यांच्याकडे घराणेवार वर्गणीच्या वह्या असतात. ‘अमक्या वाडीतले, वडील अमक्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते’ एवढं सांगितलंत तरी कुणीतरी ओळखतं. गिरणीचं नाव लक्षात असेल तर आवर्जून सांगा. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या सोडती गिरणीवार झाल्या आहेत, त्यांच्या याद्यांत वडिलांचं नाव सापडू शकतं.

जुन्या चाळीचा गणपती टॉवर झाला तरी बसतो आणि वसई-विरार, कल्याण-बदलापूरला गेलेली माणसं त्या दिवसांत पाया पडायला येतात. विसर्जनाच्या दिवशी जाऊ नका, कुणाला बोलायला फुरसत नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला जा. आरती संपल्यावर मांडवातल्या पोरांना विचारण्यात अर्थ नाही. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर ज्या आज्या बसलेल्या असतात, त्यांना वर्गफोटो दाखवा. फोटोची मोठी प्रत काढून न्या आणि मागे आठवतील तेवढी नावं ओळीने लिहून ठेवा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिची नोंद असणार. पण शाळा तिची माहिती तुमच्या हातात देणार नाही आणि देऊही नये. तिच्या नावाचं बंद पाकीट ठेवायला द्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात किंवा ग्रुपवर निरोप फिरवायची विनंती करा. हे काम जूनमध्ये नको. तेव्हा ऑफिसात प्रवेशाची रांग असते.

एक चूक हमखास होते. लोक फोटो, पूर्ण नाव आणि स्वतःचा मोबाइल नंबर व्हॉट्सॲपवर सोडून देतात. दोन दिवसांत ‘मी त्यांचा मुलगा, आई इस्पितळात आहे, पैसे पाठवा’ असा फोन येऊ शकतो. असा फोन आला तर फोटोत न दिसणारी गोष्ट विचारा: नळाला पाणी किती वाजता यायचं, खोली कितव्या मजल्यावर होती.

पत्ता लागला तरी थेट तिच्या घरी धडकू नका. भावाच्या हाती चार ओळींची चिठ्ठी द्या: तुमचं माहेरचं नाव, चाळ, खोलीचा नंबर, दोघींनाच माहीत असलेली एखादी आठवण, फोन नंबर. मग महिनाभर थांबा. ते दिवस आठवायची तिची इच्छा नसणं हेही शक्य आहे. संपानंतरची वर्षं फार घरांना जड गेली.

प्रश्न: आम्ही पाच जण एका बाकावरचे. आता विरार, डोंबिवली, पनवेल, चेंबूर आणि माहीम. दरवेळी ‘भेटू रे’ म्हणतो आणि भेट होत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

तारीख विचारणं बंद करा. ग्रुपवर ‘कुणाला कधी जमेल’ टाकलं की पाच जणांच्या पाच तारखा येतात आणि सहावा निरोप ‘पुढच्या महिन्यात बघू’ असा असतो. महिन्याचा दुसरा शनिवार कायमचा ठरवून टाका. त्या दिवशी बँका बंद असतात, म्हणून बँकेतल्याही मित्राला जमतं. तिघे आले तरी भेट झाली असं धरायचं.

रविवार टाळा. मध्य आणि हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक सहसा रविवारी भर दुपारी असतो आणि डोंबिवलीकर, पनवेलकर नेमके त्यात अडकतात. जागा दादर. विरारहून पश्चिम रेल्वे, डोंबिवलीहून मध्य रेल्वे, दोन्ही तिथेच उतरवतात. पनवेल आणि चेंबूरवाल्यांनी हार्बरने कुर्ल्याला येऊन गाडी बदलायची. वेळ सकाळी अकरा ते तीन. साडेतीनला विरारची गाडी पकडणारा बसून जातो, साडेपाचला पकडणारा लोंबकळतो.

शिवाजी पार्कचा कट्टा छानच, पण भर उन्हाचा नाही. पावसाळ्यात दादर पूर्वेला हिंदमाताच्या बाजूला ठरवू नका, तिथे पाणी तुंबतं. आणि कुणी तोंडाने म्हणत नाही म्हणून आम्हीच लिहितो: या वयात जागा ठरवताना जवळ स्वच्छ स्वच्छतागृह आहे ना, हे आधी बघायचं आणि मिसळ कुठली चांगली हे नंतर. पाचातला एखादा दरवेळी कारणं सांगत असेल तर बहुधा तेच कारण असतं.

प्रश्न: शाळेतल्या मित्राने मुलाच्या लग्नासाठी दोन लाख हातउसने मागितलेत. नाही म्हणवत नाही आणि ‘कागद कर’ असंही म्हणवत नाही. शिवाय पतपेढीच्या कर्जाला जामीन राहशील का, असंही विचारलंय. (एक वाचक, भांडुप)

आधी हातउसने. रोख देऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. तो दंड घेणाऱ्यावर बसतो, म्हणजे तुमच्या मित्रावर. परत करतानाही हाच नियम. बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात ‘हातउसने’ लिहा. यूपीआयवर एका दिवसात साधारणपणे एक लाखच जातात. दोन दिवसांत पाठवा किंवा एनईएफटी करा.

मग त्याच्या हस्ताक्षरात एक कागद: तारीख, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, कशी मिळाली, कधी परत करणार, सही. एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही आडवी जाऊ द्या. परतीची तारीख लिहिणं महत्त्वाचं. तारीख नसेल तर वसुलीची तीन वर्षांची मुदत पैसे दिल्या दिवसापासून धावू लागते. तारीख असेल तर त्या तारखेपासून. मुदत संपण्याआधी ‘इतके देणे बाकी आहे’ असं त्याने सहीनिशी लिहून दिलं की त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. मुदत उलटून गेल्यावर नुसत्या कबुलीने ती पुन्हा जिवंत होत नाही. मैत्रीतल्या उसनवारीत घोळ होतो तो बहुतेकदा इथेच. भिडेपोटी तीन वर्षं कुणी विषय काढत नाही.

कागदाचा विषय काढायचा कसा? ‘उद्या मी नसलो तर माझ्या पोरांनी तुला भलतीच रक्कम सांगू नये, म्हणून लिहून ठेवू.’ यात त्याच्यावर अविश्वास कुठेच नाही. आणि कारणही खरंच आहे; भांडणं मित्रांपेक्षा वारसांत जास्त होतात.

परत येतील असं मनातून वाटत नसेल तर उसने म्हणू नका, देऊन टाका. फक्त कुणाला देता ते बघा. मित्र आयकराच्या लेखी ‘नातेवाईक’ नाही. एका आर्थिक वर्षात अशा भेटी पन्नास हजारांवर गेल्या तर सगळीच रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. पण ज्याचं लग्न आहे त्याला लग्नानिमित्त मिळालेल्या भेटीवर कर नाही, देणारा कुणीही असो. म्हणून आहेर नवरदेवाच्या खात्यावर जाऊ द्या, बापाच्या नको.

आता जामीन. आपल्याकडे जामीन म्हणजे साक्षीदार असा समज आहे आणि पतपेढीच्या टेबलावर तो कुणी दूरही करत नाही. १८७२च्या करार कायद्यानुसार कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची. आधी कर्जदाराकडे वसुली करून मग तुमच्याकडे यावं, असं पतपेढीवर बंधन नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की तुमच्याही पगाराला, ठेवींना हात लागू शकतो. पुढे ‘माझं नाव काढा’ असं पत्र देऊन सुटका होत नाही. पतपेढी दुसरा जामीन मान्य करेल तेव्हाच. राहायचंच असेल तर कर्जाची रक्कम, मुदत आणि दुसरा जामीनदार कोण हे विचारा, सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या, दर सहा महिन्यांनी मित्राकडून खातेउतारा मागा. कोऱ्या फॉर्मवर सही नको. आमचं मत विचाराल तर पाच लाखांच्या जामिनापेक्षा झेपतील तेवढे स्वतःचे द्यावेत.

प्रश्न: पहिलीपासूनचा मित्र डायलिसिसवर आहे. घरातल्या कुणाची किडनी जुळत नाही. मला द्यायची आहे. मी नातेवाईक नाही म्हणून इस्पितळात सुरुवातीलाच नकार मिळाला. हे शक्यच नाही का? (एक वाचक, मुलुंड)

शक्य आहे, पण वाट लांबची. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. त्यांच्या बाहेरचा दाता आपुलकीपोटी देऊ शकतो, मात्र प्राधिकरण समितीची मंजुरी लागते. ही समिती का आहे ते ध्यानात ठेवलंत तर तिचे प्रश्न टोचणार नाहीत. किडनी विकत घेतली जात नाही ना, एवढंच तिला पाहायचं असतं. अवयवाच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे.

कागदांच्या आधी नेफ्रॉलॉजिस्टकडे तुमची प्राथमिक तपासणी करून घ्या: रक्तगट, साखर, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं. तुम्हाला मधुमेह निघाला तर पुढची सगळी धावपळ वाया जाते.

मग मैत्रीचा पुरावा. समिती दोघांचे एकत्र असलेले जुने फोटो बघते, हे नियमातच आहे. गेल्या दोन वर्षांतले मोबाइलमधले फोटो फारसे कामाचे नाहीत, ते तर दलालही काढून आणेल. शाळेचा वर्गफोटो, एकमेकांच्या लग्नाचे अल्बम, बारशा-मुंजीतले फोटो काढा. मूळ प्रती न्या, चिकटवलेल्या असतील तर पानासकट. प्रत्येकाखाली साल, जागा आणि फोटोत आणखी कोण आहे ते लिहा. दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, एकाच चाळीचा पत्ता असलेली जुनी रेशनकार्डं आणि असलीच तर गावाहून पाठवलेली आंतर्देशीय पत्रं जोडा. पत्रावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा सरकारी पुरावा. तो नंतर तयार करता येत नाही.

दोघांच्याही उत्पन्नाचे मागच्या तीन आर्थिक वर्षांचे पुरावे लागतात. तुमच्या घरच्यांपैकी कुणाला तरी बोलावून विचारतात: हे माहीत आहे का, ओळख खरी आहे का. म्हणून बायकोला शेवटच्या आठवड्यात सांगायचं, असं चालत नाही. ती तिथे गडबडली की शंका तुमच्यावर.

अडतं कुठे? एक श्रीमंत आणि एक ओढगस्तीत असला, आणि मधल्या काळात श्रीमंताकडून दुसऱ्याकडे पैसे गेलेले असले की. तुमच्यात खरोखरच उसनवारी झाली असेल तर लपवू नका, वर सांगितलेला कागद आणि बँकेचा उतारा बरोबर न्या. मध्यस्थ कुणी नको, ‘फाइल लवकर हलवून देतो’ म्हणणारा तर अजिबात नको.

हे चालू असताना मित्राचं नाव मृत दात्याच्या प्रतीक्षा यादीत आहे ना, ते बघा. मुंबईत ही यादी झेडटीसीसी (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) सांभाळते आणि नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या इस्पितळामार्फत होते. शिवाय शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत तुम्हाला माघार घेता येते, हे मित्रालाही आधीच सांगून ठेवा. त्याच्यावरचंही ओझं कमी होतं.

प्रश्न: गिरगावात पागडीच्या खोलीत राहणारा माझा मित्र अविवाहित आहे. मृत्युपत्र करून खोली मला द्यायची म्हणतो. (एक वाचक, चर्नी रोड)

पागडीची खोली म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेला भाडेहक्क, मालकी नव्हे. ती मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूचा हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे आणि ते नसतील तर वारसाकडे जातो, आणि मृत्युपत्रात नाव असलेला माणूस या अर्थी ‘वारस’ नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये मुंबईच्याच प्रकरणात सांगितलं आहे. करायचंच असेल तर त्याच्या हयातीत, घरमालकाच्या लेखी संमतीने आणि त्याचा वाटा देऊन भाडेहक्क तुमच्या नावावर करून घ्यावा लागेल. चाळ पुनर्विकासात जाणार असेल तर आधी वकील गाठा.

मालकीचा फ्लॅट, ठेवी, दागिने मृत्युपत्राने मित्राला देता येतात. स्टॅम्प ड्यूटी लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार हवेत. तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका, भाच्या-पुतण्यांना उगाच बोलायला जागा राहते. बँकेत मित्राला नॉमिनी करता येतं, पण नॉमिनी म्हणजे रक्कम ताब्यात घेणारा, मालक नव्हे. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात नाव दुसऱ्याचं, असं कधीही करू नये.

प्रश्न: साठ वर्षांच्या मित्रत्वानंतर आता तो मला कधी ओळखतो, कधी नाही. स्मृतिभ्रंश आहे. भेटायला गेलं की काय बोलावं तेच कळत नाही. जावं की न जावं? (एक वाचक, लालबाग)

जावं, पण सकाळी. दहा-साडेदहाच्या सुमारास, अंघोळ-नाश्ता आटोपल्यावर. संध्याकाळी अशा रुग्णांचा गोंधळ बहुधा वाढतो. एकटे जा. चौघे मिळून गेलात तर एकाच वेळी चार आवाज होतात आणि तो गप्प होतो. टीव्ही बंद करायला सांगा. त्याचा चश्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं आहे ना, ते बघा.

समोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा आणि स्वतःचं नाव स्वतःच सांगा. शाळेत ज्या नावाने हाक मारायचा, ते टोपणनाव. ‘ओळखलंस का मला?’ हा प्रश्न विचारू नका. ती परीक्षा आहे आणि त्यात तो नापास झाला की दोघांचाही दिवस जातो. एकच प्रश्न दहादा आला तर दहादा तसंच उत्तर द्या, ‘आत्ताच सांगितलं ना’ नको. ‘आई कुठे गेली?’ म्हणाला तर ती वारल्याची बातमी देऊ नका. त्याच्यासाठी ती दरवेळी नवी असते. ‘तुझी आई आंबोळ्या काय सुरेख करायची’ म्हणा, तो तिकडे वळतो.

बोलण्यापेक्षा हाताला काम बरं. नावं आणि तारखा आधी जातात. लहानपणापासून हातात बसलेल्या गोष्टी पुष्कळदा बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. चाळीत वाढलेल्या माणसाला कॅरम काढून द्या. बोर्ड जमिनीवर नको, स्टँडवर हवा आणि खुर्ची हातांची. पावडर चिमूटभरच. फरशीवर सांडली की घसरतं आणि या वयात पडणं म्हणजे खुबा. ती खेळानंतर ओल्या फडक्याने पुसून घ्या. पहिल्या खेपेला नऊ-नऊ सोंगट्या मांडू नका, चार काळ्या, चार पांढऱ्या आणि राणी पुरे. स्ट्रायकर त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. बोट कसं लावायचं हे सांगू नका, त्याचं त्याला आठवलं तर आठवलं. नाहीच आठवलं तर सोंगट्यांचे रंग वेगळे करत बसणं हाही खेळच.

पाऊण तास पुरे. तेवढ्यात वहिनींना बाहेर पाठवा: बँकेत, देवळात, नुसतं खाली चक्कर मारायला. चोवीस तास त्यांचं घर सुटत नाही. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं तर त्या सांगणार नाहीत. ‘दर मंगळवारी दहाला मी इथे आहे’ असं सांगा.

राणी घेतली आणि वर कव्हर पडलं नाही तर नियमाने ती परत मधे ठेवायची. तो विसरला तर तुम्हीही विसरा. पण तुमच्या वेळी त्याने ‘राणी ठेव आधी’ म्हणून हात धरला, तर मुकाट्याने ठेवू नका. पूर्वी भांडायचात तसे भांडा.